वाकलेल्या चार पिना

४ जून

चि. चिंगी,

या नावानं सुरुवात करावी की नको, या विचारात दोन कागद फुकट गेले. तू आता एका लेकराची आई आहेस. पण दुसरं काही लिहिलं तर मलाच परक्याला पत्र लिहितोय असं वाटायला लागतं. म्हणून चिंगीच.

सरळ कामाचं लिहितो. मला घरी एक कॉम्प्युटर घ्यायचा आहे. तयार नको, सुटे भाग आणून जोडलेला. दुकान मार्चअखेरीस बंद केलं, हे आईनं तुला सांगितलं असेलच. घड्याळं दुरुस्त करून घ्यायला आता येतं कोण? सेल बदलायला येतात, तेही उभ्या उभ्या. चाळीस वर्षं जे शिकलो ते कुठंतरी लिहून ठेवावं म्हणतो. हातानं लिहायचं तर माझं अक्षर आता असं येतं, तू बघतेच आहेस. टाइप करायला बरं पडेल.

बाजारातल्या कॉम्प्युटरवाल्यानं एक यादी करून दिली आहे. ती याच पाकिटात घातली आहे. त्याचं म्हणणं, कॅबिनेटसोबत वीज पुरवणारा एसएमपीएसचा डबा फुकट मिळतो, तोच घ्या. रॅमची एकच मोठी पट्टी घ्या. वर एक ग्राफिक्स कार्डही सुचवलंय, ते कशाला लागतं ते मला कळलं नाही आणि विचारायची लाज वाटली. कॅबिनेटला समोरून रंगीत दिवे आहेत. मी म्हटलं दिवे नकोत, तर तो म्हणाला, "काका, दिव्यांशिवाय येतच नाही आता."

तुला वाटेल, हे मलाच का विचारताय. आपल्या घरात या विषयातलं तुझ्याइतकं कुणाला कळतं? त्या वेळी जे झालं ते झालं, पण ती वही तू किती जीव लावून भरली होतीस ते मी बघत होतो.

उत्तर नाही आलं तरी चालेल. (चालणार नाही. पण असं लिहायची पद्धत आहे.)

आईला हे पत्र ठाऊक नाही.

बाबा

१९ जून

चि. चिंगी,

तुझं उत्तर आलं. पोस्टमननं दिलं तेव्हा मी दारातच उभा होतो, कारण गेले चार दिवस त्या वेळेला मी दारातच उभा असतो. वर मायना नाही, खाली नाव नाही, तरी अक्षर ओळखलं. मधला मजकूर मात्र दुकानात भिंतीला लावून ठेवावा असा नेटका.

तू सांगितलंस तसंच केलं. फुकटचा एसएमपीएस नको म्हणालो. "त्याच्यावर लिहिलेला वॅटचा आकडा नुसता छापलेला असतो, तो गेला तर बाकीच्यांना घेऊन जातो," हे तुझं वाक्य मी त्याला जसंच्या तसं म्हणून दाखवलं. रॅमच्या एकसारख्या दोन पट्ट्या. ग्राफिक्स कार्ड कटाप. जुन्या पद्धतीची फिरती डिस्क नको, एसएसडी द्या. प्रोसेसर आणि मदरबोर्ड एकमेकांना बसतात का, ते दोन्ही खोक्यांवरचे सॉकेटचे आकडे जुळवून तीनदा बघितलं. कॉम्प्युटरवाला माझ्याकडे बघतच राहिला.

"काका, हे तुम्हाला सांगितलं कुणी?"

"माझ्या मुलीनं."

"इंजिनीअर आहे का?"

मी हो म्हणालो.

तू विमा कंपनीत क्लेमचे कागद तपासतेस, त्यात कमीपणा आहे असं मला म्हणायचं नाही. पण 'हो' तोंडातून निसटला आणि परत येताना रस्ताभर तोच डोक्यात वाजत राहिला. त्या माणसासमोर खोटं बोललो म्हणून नाही. ते खरं का नाही, हे मला ठाऊक आहे म्हणून.

तुझ्या पत्रातली शेवटची ओळ: "पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डावर असतात. त्यांना हात लावायचा नाही. काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे."

ही ओळ वाचून मी पत्र घडी करून खिशात ठेवलं. दुपारी जेवलो नाही. आईला म्हटलं, पोट बरं नाही.

अजून पुष्कळ लिहायचं होतं. पुढच्या पत्रात लिहितो.

बाबा

२ जुलै

चि. चिंगी,

सगळे भाग घरी आले. खोकी माझ्या जुन्या कामाच्या टेबलावर एकावर एक रचून ठेवली आहेत. ते टेबल दुकानातून घरी आणलंय, मधल्या खोलीत खिडकीशी. आई रोज त्यावरची धूळ पुसते आणि रोज विचारते, "जोडणार कधी?" मी म्हणतो, उद्या.

मी तुला लिहिलं की लोक घड्याळं आणत नाहीत म्हणून दुकान बंद केलं. तसं नाही. एक वयस्क बाई आली होती. तिच्या मिस्टरांचं चावीचं घड्याळ. तेल-पाणी करून द्या, एवढंच काम. त्यातली केसासारखी स्प्रिंग असते ना, लहानपणी तू जिला 'केसाची जिलबी' म्हणायचीस, ती काढताना माझा चिमटा हलला आणि स्प्रिंग चुरगळली. तसली आता कुठं मिळत नाही. मी बाईला सांगितलं, मशीनच गेलंय. ती म्हणाली, "असू द्या हो, तुम्ही प्रयत्न तर केलात." आणि माझे आभार मानून गेली. दुसऱ्या दिवशी मी शटर उघडलंच नाही.

माझा हात थरथरतो. उजवा जास्त. कप बशीत ठेवताना वाजतो.

हे यंदा सुरू झालं, असं मी आईला सांगितलंय. तुलाही तेच लिहिणार होतो. लिहिलंही होतं, तो कागद फाडला. यंदा नाही. तेरा वर्षं झाली. तुझी शाळा संपली त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा.

आता सांगतो. मध्ये थांबलो तर पुन्हा हात धजणार नाही.

तुझ्या वहीत चार महिने खपून तू भागांची यादी केली होतीस. मामानं पास झाल्याबद्दल सगळं घेऊन दिलं. खोकी गुरुवारी आली. तू म्हणालीस, रविवारी बाबांना सुट्टी असते, आपण दोघं मिळून जोडू. गुरुवारपासून रविवारपर्यंत तू एक सोडून बाकी एकही खोकं फोडलं नाहीस. फक्त मदरबोर्ड बाहेर काढून बघितलास आणि होता तसा आत ठेवलास.

शनिवारी दुपारी तू लायब्ररीत गेलीस, आई झोपली होती. मी जेवायला घरी आलो होतो. जाता जाता म्हटलं बघू तरी काय चीज आहे. प्रोसेसर बसतो त्या सॉकेटवरची काळी झाकणी काढली. चिंगे, मी आयुष्यभर बारीक काम केलंय, पण असलं काही बघितलं नव्हतं. हजारावर सोनेरी पिना, एकजात एकाच कलात झुकलेल्या. खिशातलं भिंग डोळ्याला लावलं. एका पिनेवर धुळीचा कण दिसला. निदान मला तो कण वाटला. मी चिमटा काढला.

हात हलला. आयुष्यात पहिल्यांदा माझा हात मला न विचारता हलला. चार पिना वाकल्या. सरळ करायला गेलो तर एक तुटली.

मी झाकणी परत लावली, बोर्ड पिशवीत घातला, पिशवी खोक्यात घातली. तू ज्या घडीनं फडफडता कागद ठेवला होतास, त्याच घडीनं ठेवला. आणि दुकानात जाऊन बसलो. संध्याकाळपर्यंत दोन गिऱ्हाइकांना परत पाठवलं.

रविवारी तू माझ्यासमोर प्रोसेसर बसवलास. श्वास रोखून, टोकांना धरून, खाच बघून. इतकं नीट मीसुद्धा बसवलं नसतं. तू झाकणी काढलीस तेव्हा मी खिडकीतून बाहेर बघत होतो. तुझ्याकडे भिंग नव्हतं, तुला त्या पिना दिसल्या नाहीत. बटण दाबलं, पंखा फिरला, थांबला. पुन्हा फिरला, पुन्हा थांबला. पडदा काळाच. तू दिवसभर एकेक वायर काढून घालून बघत होतीस. मी म्हणत होतो, "होईल, होईल."

मग संध्याकाळी आपण भाग घेतले होते त्या दुकानात गेलो. तिथल्या माणसानं बोर्ड दिव्याखाली धरला. "पिना वाकल्यात. एक तुटलीय. हे हातानं झालंय, बदलून मिळणार नाही. प्रोसेसर कुणी बसवला?"

तू म्हणालीस, "मी."

आणि माझ्याकडे बघितलंस. मी काहीतरी बोलावं, एवढंच होतं तुझ्या डोळ्यांत.

मी म्हणालो, "तरी मी तिला सांगत होतो, हळू."

हे वाक्य तुला आठवत असेल. मला रोज आठवतं.

का, ते विचारायचा तुला हक्क आहे. घड्याळजीचा हात हलतो ही बातमी बाजारात पसरली असती तर दुसऱ्या दिवसापासून कुणी पायरी चढलं नसतं. असं मी स्वतःला समजावलं. पण दुकानातल्या त्या एका माणसानं ऐकून काय बिघडणार होतं? खरं म्हणजे मला स्वतःलाच ते ऐकायचं नव्हतं. हात तुझा हलला, असं ठरलं की माझा हलला नाही.

बाबा

११ जुलै

चि. चिंगी,

उत्तर आलं नाही. मी ते मागतही नाही. पण अर्धवट सांगून गप्प बसणं हा जुनाच धंदा झाला, म्हणून उरलेलं लिहितो.

ती गोष्ट तिथंच संपली असती तर एक वेळ. मी ती संपू दिली नाही. 'वाकडी पिन' हे नाव मी ठेवलं तुला. मामा घरी आला की मी हाक मारायचो, "अगं वाकडी पिन, पाणी आण." मामा हसायचा. मी वारंवार सांगायचो, कारण जितक्यांदा सांगेन तितकी ती गोष्ट खरी होत जायची. इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाचा फॉर्म तू आणलास. मी एवढंच म्हणालो, "बघ बाई, नाजूक काम असतं ते." तू तो फॉर्म दुसऱ्या दिवशी परत नेलास. मला अडवावं नाही लागलं.

लग्नात तुझ्या सासऱ्यांना म्हणालो, "आमच्या हिच्या हातात नाजूक वस्तू देऊ नका हो, वाकवून ठेवेल." सगळी पंगत हसली. तू मान खाली घालून ताटातला भात कालवत राहिलीस. त्या दिवसानंतर तू मला फोन केलेला नाहीस. तीन वर्षं. आईला मी म्हणत आलो, पोरीला सासरचा गर्व चढला.

आता जे लिहितो ते सगळ्यात कठीण आहे. कॉम्प्युटर हे निमित्त होतं. मला काहीही टाइप करायचं नाही. एप्रिलमध्ये आई तुझ्याकडे राहून आली. आल्यावर भाजी निवडता निवडता सहज म्हणाली, "पोरगी बाळाला अंघोळ घालत नाही. त्याच्या बापाची वाट बघते, नाहीतर सासूबाईंना बोलावते. म्हणते, आई, माझे हात तसलेच, निसटला तर?"

मी उठून बाथरूममध्ये गेलो आणि नळ सोडून ठेवला. बराच वेळ.

आठ महिन्यांचं पोर, आणि त्याच्या आईला त्याला पाण्यात धरायची भीती. ती भीती तुझ्यात मी घातली. एका शनिवारी दुपारी.

हे सगळं मी काल आईला सांगितलं. ती शिवणयंत्रावर बसली होती. मी बोलत असताना तिचा पाय थांबला, एवढंच. माझं झाल्यावर तिनं विचारलं, "त्या रविवारी ती रडून सांगत होती, आई, मी नीटच बसवला होता गं. मी तिच्या मुस्काटात मारली, खोटं बोलते म्हणून. तेव्हा तुम्ही कुठं होतात?"

"इथंच."

"इथं म्हणजे?"

"याच खोलीत. खिडकीपाशी."

तिनं सुई वर केली, कापड काढलं, घडी केली आणि आतल्या खोलीत गेली. जेवण झाकून ठेवते. भांड्यावर भांडं आपटत नाही, दार आदळत नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

बाबा

३० जुलै

चि. चिंगी,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी. पाठ झाल्या आहेत: "मला तुमची माफी नको. ज्यांना ज्यांना तुम्ही ती गोष्ट सांगितलीत, त्यांना खरी सांगा. समोर जाऊन. माझ्या सासऱ्यांपासून सुरुवात करा."

सोमवारी गेलो. तू ऑफिसात असशील ती वेळ बघून गेलो, म्हणजे तुला माझं तोंड बघावं लागू नये. व्याही दारातल्या कुंड्यांना पाणी घालत होते. "या या, आज अचानक!" म्हणाले. विहीणबाई बाळाला घेऊन वरच्या मजल्यावर होत्या. मी म्हटलं बाळाला आता आणू नका, आधी माझं ऐका.

मला वाटलं होतं, दोन वाक्यांत आटपेल. तसं झालं नाही. पाणी मागितलं तर पेला धरवेना, दोन्ही हातांनी धरला. व्याह्यांनी ते बघितलं. मग मला वेगळं काही समजावून सांगावं लागलं नाही. मी सगळं सांगितलं, पंगतीतल्या त्या वाक्यापर्यंत.

त्यांनी माझ्या हातातला पेला काढून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "तुम्ही खोटं बोललात ते तुमच्यापाशी. पण आम्ही तिला तीन वर्षं त्यावरून चिडवतोय. हातातून वाटी पडली की आमची ही म्हणते, पडणारच. मी हसतो. त्या हसण्याचं मी आता काय करू, सांगा."

बाळाला न बघताच निघालो. ती शिक्षा माझी मीच ठरवली, तिचा हिशेब तुझ्याकडे मांडत नाही.

मामाला समोर जाऊन सांगितलं. तो आधी हसला, त्याला वाटलं मी गंमत करतोय. मग म्हणाला, "भावोजी, मी त्या पोरीला परत बोर्ड घेऊन देणार होतो. तुम्हीच म्हणालात, नको, पुन्हा मोडेल." हे मी विसरलो होतो. खरंच विसरलो होतो गं. माणूस स्वतःचं किती सोयीनं विसरतो. मामानं मला चहा विचारला नाही आणि दारापर्यंत सोडायलाही आला नाही.

कॉम्प्युटरवाल्याकडेही गेलो. तो यादीत नव्हता, पण त्यालाही खोटं सांगितलं होतंच. म्हटलं, "माझी मुलगी इंजिनीअर नाही. झाली असती. माझ्यामुळे झाली नाही." तो बिचारा गोंधळला. "काका, काही पार्ट खराब निघाला का?" म्हणाला.

उरलेल्यांची नावं लिहून काढली आहेत. माझी बहीण, शेजारचे शिंपी, तुझ्या लग्नात स्वयंपाकाला होते ते आचारीसुद्धा. एकेकाकडे जातोय. दर वेळी वाटतं, आता सवय होईल. होत नाही.

बाबा

१४ ऑगस्ट

चि. चिंगी,

कालचं सगळं तुझ्यासमोरच झालं, म्हणजे फोनवर. तरी माझ्या बाजूनं कसं दिसलं ते लिहितो. तुला नको असेल तर वाचू नकोस.

काल अकराच्या सुमाराला आईचा फोन वाजला. तिनं तो टेबलावर उभा केला आणि स्पीकर लावला. महिन्याभरात पहिल्यांदा तिनं मला हाक मारली, "या इकडे." तुझा आवाज आला, "आई, खोकी अजून तशीच आहेत ना? मग आज ती जोडायची. तू जोडायचीस. बाबांनी हात लावायचा नाही."

"मी?" आई म्हणाली. "अगं मला टीव्हीचा रिमोट कळत नाही."

"सुईत दोरा ओवता येतो ना? मग येईल."

मी बॅटरी धरून बाजूला उभा राहिलो. उजेड थरथरायला लागला. आईनं काही न बोलता माझ्या हातातून बॅटरी घेतली आणि डब्यावर टेकवून ठेवली. मग मी नुसताच उभा राहिलो. त्या टेबलावर माझ्याशिवाय दुसऱ्या कुणी काम केल्याचं मला आठवत नाही.

तू सांगत गेलीस. झाकणी काढ. पिनांकडे बघ, हात लावू नको. प्रोसेसरच्या कोपऱ्यातला त्रिकोण कुठं आहे? बोर्डावर तसलाच एक आहे, तो शोध. टेकव, दाबू नको, तो आपोआप बसतो. आता दांडा खाली कर. करकर आवाज येईल, घाबरू नको, तो तसाच येतो. आईच्या वरच्या ओठावर घाम आला होता, पण हात कसा, तर इस्त्रीखालच्या कापडासारखा. रॅमच्या पट्ट्या टकटक बसल्या. तू मध्येच म्हणालीस, "एक सोडून एक खाचेत बसव, शेजारीशेजारी नको," आणि तुझा आवाज मला सोळा वर्षांच्या मुलीचा वाटला. वही हातात घेऊन घरभर फिरणारीचा.

दीड तासानं आईनं बटण दाबलं. पंखे फिरले. दिवे लागले, तेच नको असलेले रंगीत. पडदा काळा.

आईचा चेहरा उतरला. ती दोन पावलं मागं सरली आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली, "माझ्याकडून वाकलं का गं काही?"

तू एका क्षणाचाही वेळ न घेता म्हणालीस, "आई, तुझ्याकडून काहीही वाकलेलं नाही. मशीन सुरू झालं नाही, एवढंच झालंय. आता एकेक करून बघू."

मी भिंतीला पाठ लावून खाली बसलो. पोरी, एवढंच म्हणायचं होतं त्या दिवशी. खरं सांगायची हिंमत नव्हती, तरी निदान एवढं म्हणता आलं असतं.

पुढं तू विचारत गेलीस. मॉनिटरची वायर कुठं लावलीस? मॉनिटर चालू आहे का? एक रॅम काढून बघ. दुसरी काढून पहिली लाव. पडदा काळाच. मला खालून दिसत होतं, बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात प्रोसेसरला वीज देणारी आठ भोकांची जागा रिकामी होती. ती वायर कॅबिनेटच्या मागं लोंबत होती. माझ्या जिभेवर आलं होतं. मी दात आवळून बसलो. शोधणारी तू होतीस. मी तुझ्याआधी बोललो असतो तर पुन्हा एकदा मीच शहाणा ठरलो असतो.

"आई, वर डावीकडे बघ. एक लहान चौकोनी सॉकेट आहे, त्यात काही घातलंय का?"

"नाही गं. रिकामंच आहे."

"सापडलं!" तू ओरडलीस. खरंच ओरडलीस. आईनं वायर घातली, बटण दाबलं आणि पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. तुम्ही दोघी हसायला लागलात. मागं बाळानंही काहीतरी आवाज केला. आई पदरानं डोळे पुसत म्हणाली, "मला माफ कर गं, मी तुला मारलं होतं." तू म्हणालीस, "तुला माहीत नव्हतं, आई."

आणि तू विचारलंस, "बाबा आहेत का तिथं?"

"आहेत."

"बाबा, मला अजून राग आहे. तो जाईल की नाही मला माहीत नाही. ते सोडा. हात कुणा डॉक्टरला दाखवलेत का?"

मी म्हणालो, "नाही."

"तेरा वर्षांत?"

"भीती वाटली."

"उद्या सकाळी जा. चार वाजता मी फोन करते. आधी डॉक्टर काय म्हणाले ते सांगायचं, मग ऑपरेटिंग सिस्टिम टाकू."

आणि तू फोन ठेवलास.

आज सकाळी गेलो. डॉक्टरांनी मला रेघ ओढायला लावली, गोल काढायला लावला, पाण्याचा पेला धरायला लावला. त्यांच्या मते हा हाताचा कंप आहे, जिवावरचा नाही. पुष्कळांना असतो. गोळ्यांनी बराच आटोक्यात राहतो. "पहिल्यांदा जाणवला तेव्हाच आला असतात तर दुकानही चालू राहिलं असतं," ते सहज म्हणाले. एका गोळीचं काम होतं, आणि मी त्याच्या जागी तुला वापरलं. याहून वेगळ्या शब्दांत मला ते मांडता येत नाही.

ते आणखी एक म्हणाले, हा कंप कधी कधी घराण्यात उतरतो. मुलंबाळं आहेत का, त्यांना असं काही आहे का? मी सांगितलं, एक मुलगी आहे, तिचे हात उत्तम आहेत. तरी कधी जाणवलंच तर लपवू नकोस, लगेच दाखव. हे मला फोनवर नीट बोलता येणार नाही, म्हणून लिहून ठेवतोय.

निघताना मी त्यांना म्हटलं, "सगळं कागदावर नीट लिहून द्या डॉक्टर. चार वाजता मुलीचा फोन यायचाय, तिला एकही गोष्ट चुकीची सांगायची नाही."

कागद समोर आहे. पावणेचार झालेत. आईचा फोन तिनं माझ्या टेबलावर आणून ठेवलाय आणि ती स्वयंपाकघरात गेली आहे. आज तो मी उचलायचा आहे.

बाबा